काटा तीसवर होता

आमच्या डॉक्टरबाईंनी मोटर घेतली तेव्हा वर्ध्यातल्या लोकांना मोटरीपेक्षा ती चालवणाऱ्या बाईंचंच नवल जास्त होतं. गाडी जुनी, विलायती. तिचा मूळचा रंग कोणता, ते कोणालाच सांगता आलं नसतं. पण बाई पदर कमरेला खोचून स्टिअरिंगमागे बसल्या की सायकलवाले पाय टेकून उभे राहायचे आणि दुकानातली माणसं पायरीवर यायची. बाईंना त्याचं काही नसायचं. त्या रस्त्याकडे बघायच्या.

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नर्स होते. बायकांचा लहानसा दवाखाना होता आमचा. बाई पुण्याकडच्या, एकट्या राहणाऱ्या, आवाज बारीक पण ठाम. मी देवळीजवळच्या एका खेड्यातली. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. आदल्या वर्षी दसऱ्याला आमचं सगळं घर नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेऊन आलं होतं. गावातून नर्सिंग शिकलेली मी पहिलीच मुलगी. दवाखान्यात काही घरच्या बायका माझ्या हातचं पाणी घेताना अजूनही थबकायच्या. बाईंनी एकदा अशाच एकीला सांगितलं, "पाणी नको असेल तर राहू दे. पण औषधही हिच्याच हातचं आहे. तेही सोडायचं का?" ती बाई गुपचूप पाणी प्यायली. बाईंनी माझ्या मनात जे घर केलं ते त्या दिवशी.

कापसाचा हंगाम होता. हिंगणीहून एक माणूस सकाळीच मालट्रकमध्ये बसून आला. त्याच्या बायकोला कालपासून कळा येत होत्या आणि मूल आडवं होतं. सुईणीनं हात टेकले होते. बाईंनी त्याचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. बॅग उचलली आणि मला म्हणाल्या, "चल."

हिंगणीला पोचल्यावर त्यांनी त्या बाईच्या पोटावर हात ठेवला, कान लावला, आणि सासूला सांगितलं, "इथं काही होणार नाही. वर्ध्याला न्यावं लागेल. पोट उघडावं लागेल." सासू म्हातारी होती. तिनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा मोटरीकडे. मग म्हणाली, "न्या बाई. पण मी बी येतो."

मागच्या सीटवर मी बसले. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर. माझ्याच वयाची असेल. पायाशी सासू अंग चोरून बसली. पुढे बाई एकट्या, शेजारी बॅग. नवरा गाडीत मावला नाही. तो मागून मिळेल त्या वाहनानं येणार होता.

त्या गाडीत वेग दाखवणारी तबकडी मधोमध होती, भिंतीवरच्या घड्याळासारखी ठळक. मागे बसलेल्यालाही स्वच्छ दिसायची. कळ आली की पोर माझं मनगट आवळायची आणि मी नजर त्या काट्यावर रोखायची. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तर माझाच धीर सुटेल अशी भीती होती. काटा वर सरकला की बरं वाटायचं. खड्डा आला की तो खाली यायचा आणि सासू विचारायची, "सिस्टर, किती राह्यलं?"

"आता आलंच, आजी."

"तुमी मघापासून तेच सांगून राह्यल्या."

वर्ध्याच्या हद्दीत शिरलो. तिथं रस्त्याच्या कडेला पाटी होती, ताशी पंचवीस मैलांच्या वर मोटर न्यायची नाही म्हणून. बाजाराच्या बाजूनं कापसाच्या बंड्यांची लांब रांग लागलेली. बैल सोडलेले, बंड्यांची जोखडं जमिनीला टेकलेली. दोन बंड्यांच्या मधल्या फटीतून एक माणूस सायकलवर बसूनच एकदम रस्त्यावर आला. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी किंचाळली, तिरकी झाली, पण पुढचा बंपर सायकलच्या मागच्या चाकाला लागलाच. माणूस उडून कडेच्या धुळीत पडला.

पुढचं सगळं इतकं भराभर झालं की आजही मला ते तुकड्यातुकड्यांतच आठवतं. बाई उतरल्या. त्याच्यावर वाकल्या, डोळे पाहिले, खांद्याला हात लावला. तो ओरडला. "हासळीचं हाड मोडलंय. बाकी बरा आहे," असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं. मग माझ्याकडून पट्टी घेऊन त्याचा हात छातीशी बांधला, आणि कोणाला तरी हुकूम सोडला, "याला धरा. पुढच्या सीटवर बसवा." गर्दीतून एक आडत्या म्हणाला, "बाई, पोलीस येईपर्यंत गाडी हलवू नका." बाईंनी मागचं दार उघडून त्याला आतली पोर दाखवली. "हिला सांगा थांबायला," म्हणाल्या. तो मागे सरला. आम्ही निघालो.

तासाभरानं ऑपरेशनच्या खोलीत मूल रडलं. मुलगी होती. आईही वाचली. बाईंनी हात धुतले, बाहेर येऊन आधी त्या सायकलवाल्याचा खांदा नीट बांधला, आणि मग व्हरांड्यात वाट पाहत बसलेल्या फौजदारांना म्हणाल्या, "आता बोला. मीच चालवत होते."

फौजदार भला माणूस होता. पण आडत्यानं जबानी दिली होती की मोटर पन्नासच्या वेगानं वादळासारखी आली. त्यात, बाईमाणसाच्या हाती मोटर दिली की असंच होणार, असं बाजारात जो तो बोलत होता. फौजदारांनी मला विचारलं, "सिस्टर, तुमी गाडीत होत्या. काटा पाह्यला होता काय?"

मी म्हणाले, "हो. त्याच्याचकडे पाहत होते."

"मग? किती होता?"

"तीसवर."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, मी बाईंच्या बाजूनं बोलले. पन्नास नव्हता, तीस होता. फौजदार गेल्यावर आमचे कंपाउंडर माझ्याजवळ आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "अवो सिस्टर, हे काऊन सांगितलं? हद्दीत पंचवीसच्या वर जायची मनाई हाय. आडत्याचं बोलणं कोण धरते? तो तर दुकानात बसून होता. पण तुमी गाडीतल्या. तुमच्या तोंडूनच केस पक्की झाली ना!"

मी दाराकडे धावले, पण फौजदार केव्हाच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या मेट्रननं मला खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "कोर्टात एवढंच सांग, मी पेशंटकडे पाहत होते, काटा नीट पाहिला नाही. घाबरून काहीतरी बोलून गेले. एवढ्या मोठ्या डॉक्टरचं लायसन्स जाईल. खेड्यातल्या बायकांकडे मग कोण जाणार, बैलबंडीत बसून?" त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. मलाही ते पटत होतं. खरं सांगायचं तर, मला ते फार पटत होतं.

सुटीच्या दिवशी मी घरी गेले. बा अंगणात बैलाचं जोतं सांधत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं दोरीवरचा हात न थांबवता ऐकलं. आई म्हणाली, "बाईनं इतकं केलं तुझ्यासाठी. एक शब्द इकडचा तिकडे केला तर काय बिघडते?"

बानं दोरीचा पीळ पक्का केला. मग म्हणाला, "माय, माह्या बापाले एकदा कचेरीत नेलं होतं साक्षीले. पाटलाच्या बांधाची भानगड होती. त्याले पायरीखाली उभं केलं. तो काय बोलला ते कोणी लिहून बी घेतलं नाई." दोरीची गाठ त्यानं दातानं ओढली. "आता तुले साहेब खुर्चीवरून विचारून राह्यला, का काय पाह्यलं. आन् तू त्याले खोटं सांगशील? आपण नागपूरले दीक्षेत हात जोडून पाच गोष्टी कबूल केल्या, त्याच्यात ही बी होती. जे पाह्यलं ते सांगजो."

"आणि बाईंचं लायसन्स गेलं तर?"

"मंग बाईले बी सांगजो, का मी खरं बोलणार हावो. पाठीमागून नोको करू."

सोमवारी सकाळी मी बाईंपुढे जाऊन उभी राहिले. त्या औषधाच्या कपाटापाशी काहीतरी करत होत्या. मी एका दमात बोलून टाकलं, की मी तीसच सांगणार आहे, मला माफ करा, पण मी तेच पाहिलं होतं.

बाई वळल्या. चिडल्या नव्हत्या. उलट त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फक्त अवघड बाळंतपण सुटल्यावर पाहिलं होतं.

"मग दुसरं काय सांगणार होतीस?" त्या म्हणाल्या. "तू काटा तीसवर पाहिलास, तर तीसच सांगायचं. कोण तुला वेगळं शिकवत होतं ते मी विचारत नाही. मीही पाहिला होता. तीसच होता."

मला रडू आलं. त्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि कपाटातून थर्मामीटरचा डबा काढला. आमच्या दवाखान्यात नवं थर्मामीटर आलं की बाई ते आधी कोमट पाण्याच्या भांड्यात आपल्या भरवशाच्या थर्मामीटरशेजारी बुडवायच्या. जास्त दाखवणाऱ्याला लाल दोरा, कमी दाखवणाऱ्याला काळा. तान्ह्या बाळांचा तराजूही त्या महिन्यातून एकदा वजनं ठेवून तपासायच्या. मला वाटलं, त्या विषय बदलताहेत.

"हे बघ," लाल दोऱ्याचं एक थर्मामीटर हातात धरून त्या म्हणाल्या, "याच्यावर शंभर दिसले तर तू काय लिहितेस?"

"शंभरातून थोडं कमी."

"का?"

"ते जास्त दाखवतं म्हणून."

"काट्यानं तीस दाखवले हे खरं. पण गाडी तीसनं जात होती हे आपल्याला कोणी सांगितलं? तो काटा आपण कधी तपासलाय?"

मोटरीचा काटा तपासायचा असतो ही गोष्टच माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. काचेखाली आकडे छापलेले, तो खोटं कसं सांगेल?

"जास्त दाखवत असेल तर बरं," बाई पुढे म्हणाल्या. "कमी दाखवत असेल तर मी आणखीनच दोषी ठरेन. पण तपासून तर घेऊ."

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक होते. त्यांच्या बायकोचं बाळंतपण बाईंनी केलेलं. बाईंनी निरोप धाडला तर ते संध्याकाळी सायकलवरून हजर. उंच, किडकिडीत माणूस. आपल्याला कोणी खराखुरा प्रश्न विचारला याचाच त्यांना इतका आनंद झाला होता की चहा तसाच गार झाला.

"डॉक्टर, हा काटा रस्ता बघतच नाही," ते म्हणाले. "त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. चाकं फिरली की एक लांब लवचीक तार फिरते, तिच्या टोकाला एक लोहचुंबक फिरतो. त्या चुंबकाच्या भोवती एक हलकी धातूची वाटी आहे. चुंबक तिला शिवत नाही, पण ओढतो. वाटी फिरू पाहते, आणि घड्याळात असते तशी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. त्या ओढाताणीत वाटी जिथं थबकेल तिथं काटा. बस्स."

"मग त्यात चूक कुठं होते?" बाईंनी विचारलं.

प्राध्यापक उठून गाडीशी गेले. उकिडवे बसून टायरवर तळवा फिरवला. "हे बघा. गुळगुळीत झालंय. याच्यावरची नक्षी गेली, म्हणजे चाक तेवढं लहान झालं. सिस्टर, तुमच्या गावात बंडीचं चाक आणि हातगाडीचं चाक एकाच वाटेनं गेलं तर जास्त फेरे कोणाचे होतील?"

"हातगाडीचे," मी म्हणाले. "लहान असते ना."

"तेच! लहान चाकाला तेवढ्याच मैलाला जास्त फेरे मारावे लागतात. काटा बिचारा फेरे मोजतो. त्याला वाटतं, अरे, आपण केवढे जोरात चाललोय. हवा कमी असली तरी तेच."

"म्हणजे टायर नवे असते तर काटा बरोबर असता?"

"नाही ना!" त्यांनी आनंदानं हात चोळले. "गंमत तर तिथंच आहे. नव्या कोऱ्या गाडीचा काटासुद्धा बहुतेक वेळा थोडा जास्तच दाखवतो. आणि तो तसा मुद्दाम लावलेला असतो."

बाई पुढे सरकून बसल्या. "मुद्दाम?"

"कारखान्यात असे ढिगानं काटे तयार होतात. स्प्रिंग एखादी कडक, एखादी सैल. थंडीत एक वागते, उन्हाळ्यात दुसरं. अगदी बरोबर सगळेच काटे कोणालाच करता येत नाहीत. थोडी चूक राहणारच. आता बनवणाऱ्यापुढे प्रश्न असा, की ती चूक कोणत्या बाजूला ठेवायची? काट्यानं कमी दाखवलं तर माणूस बेफिकीर राहून जोरात नेईल आणि कोणाच्या तरी अंगावर घालेल. जास्त दाखवलं तर फार तर काय होईल? तो थोडा उशिरा पोचेल. म्हणून सगळ्याच काट्यांना जरा वरच्या बाजूला बसवतात, म्हणजे त्यातला सगळ्यात मागे राहणारा काटासुद्धा खऱ्या वेगाच्या खाली उतरायला नको."

बाई काही क्षण गाडीकडे पाहत राहिल्या. मग त्या हसल्या. त्या क्वचित हसायच्या. "कुठल्या तरी विलायती कारखान्यातल्या माणसानं, कधी न पाहिलेल्या रस्त्यावरच्या माणसाचा विचार केला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "पण प्रोफेसर, हे झालं पुस्तकातलं. माझ्या गाडीचा काटा किती चुकतो, ते मला मोजून हवं."

मोजायचं कसं हे प्राध्यापकांनी सांगितलं. देवळीच्या रस्त्यावर मैलाचे दगड आहेत. गाडी तीसनं चालली असेल तर एक मैल जायला बरोबर दोन मिनिटं लागली पाहिजेत. दगड मागेपुढे रोवलेले असू शकतात, म्हणून एकच मैल नको, सलग काही मैल घ्यायचे. आणि वाऱ्याचा, चढाचा फरक नको म्हणून जाऊन परत यायचं.

प्राध्यापक म्हणाले, "मी घड्याळ धरतो, तुम्ही चालवा."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या ओळखीचे. घड्याळ फौजदार धरतील. त्यांचं स्वतःचं."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे बाई आणि घड्याळ हातात घेतलेले फौजदार. मागे प्राध्यापक आणि मी. काट्यावर नजर ठेवायचं काम प्राध्यापकांनी मला दिलं, कारण त्या दिवशी तो मीच पाहिला होता आणि त्याच जागेवरून. रस्ता सरळ, दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस. बाईंनी काटा तीसवर आणला आणि तिथंच धरून ठेवला. त्यांचा पाय इतका स्थिर होता की काटा जणू चिकटवला होता.

"दगड!" प्राध्यापक ओरडले. फौजदारांनी घड्याळ पाहिलं.

मी काट्यावरून डोळा हलवला नाही. थोड्या वेळानं फौजदार म्हणाले, "झाली दोन मिनिटं."

मी मान वर केली. पुढचा दगड अजून आलेलाच नव्हता. लांब एका बाभळीखाली पांढरा ठिपका दिसत होता. आम्ही चाललो होतो, काटा तीसवर होता, आणि दगड आपला समोरच. तो येऊन मागे पडेपर्यंत फौजदार घड्याळाकडे आणि दगडाकडे आळीपाळीनं पाहत राहिले. पुढच्या मैलालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. परत येतानाही तेच. प्राध्यापकांनी हिशेब केला. काटा तीस म्हणतो तेव्हा गाडी पंचवीसच्या आसपास जाते, त्याच्या वर नाही.

फौजदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लेकाचा काटा खोटारडा निघाला की!"

"खोटारडा नाही साहेब," प्राध्यापक म्हणाले. "भित्रा आहे."

बाईंनी मात्र फौजदारांना सांगितलं, "हे तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा. माझ्याकडून काही घेऊ नका."

कोर्टात मी पहिल्यांदाच गेले होते. पांढरी साडी नेसून, केस घट्ट बांधून. बा आला होता. तो दाराशी, आतल्या बाजूला, उभा राहिला. बसायला जागा होती, पण तो बसला नाही. सरकारी वकिलांनी मला विचारलं, काटा कुठं होता. मी म्हणाले, तीसवर. नक्की? नक्की. मागच्या सीटवरून चुकीचं दिसलं नसेल? नाही. कारकून लिहून घेत होता. त्याच्या टाकाची कुरकुर मला ऐकू येत होती, आणि माझी भीती कुठं गेली ते मला कळलं नाही.

मग फौजदारांनी दगडांची आणि घड्याळाची हकिकत सांगितली. प्राध्यापकांनी टायर आणि स्प्रिंग समजावली, जरा लांबवूनच. मॅजिस्ट्रेट साहेबांनी दोनदा "समजलं, समजलं" म्हटलं तेव्हा ते थांबले. सायकलवाला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. खांदा अजून बांधलेला. तो म्हणाला, "साहेब, बंड्याच्या आडून मीच न पाह्यता निघालो. बाईनं मले तिथं टाकून दिलं असतं तं मी काय करणार होतो? टाकलं नाई ना."

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. बाईंच्या वकिलांनी त्यांना आणखी काही बोलू नका असं सांगितलंही होतं. पण साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" आणि बाई उभ्या राहिल्या.

"एक गोष्ट सांगायची आहे. त्या दिवशी हा काटा जास्त दाखवतो हे मला माहीत नव्हतं. पाटी मी पाहिली होती, काटाही पाहिला होता. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे मी पंचवीसच्या वरच जात होते. गाडी हळू निघाली, त्याचं श्रेय माझं नाही. ते ज्यानं काटा बसवला त्याचं."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "बाई, कायदा गाडीचा वेग विचारतो. मनाचा वेग विचारत नाही." आणि मग जरा थांबून, "तो तुम्ही विचारता, हे बरं आहे."

वेगाचा आरोप टिकला नाही. लायसन्स राहिलं. बाहेर पडल्यावर बा बाईंपाशी आला. त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला नाही. हात जोडून "जय भीम" म्हणाला. बाई क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनीही हात जोडून तेच शब्द परत केले, आणि म्हणाल्या, "मुलगी चांगली घडवलीत." बा म्हणाला, "तुमी बी घडवून राह्यल्या तिले."

प्राध्यापकांनी पुढे बाईंना सुचवलं, तबकडीच्या काचेवर खरे आकडे लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवून देतो. बाईंनी ती नको म्हटली. टायर मात्र लगेच नवे घातले. काटा त्यानंतरही थोडा पुढेच राहिला, आणि बाई तो दाखवी त्याच्याच हिशेबानं चालवत राहिल्या. सायकलवाला त्यांना रस्त्यात भेटला की आधी सायकलवरून उतरायचा आणि मग रामराम करायचा. बाई म्हणायच्या, "अहो, एवढं घाबरू नका." तो म्हणायचा, "घाबरत नाई बाई, मान देऊन राह्यलो."

बाजारातलं बोलणं काही एकदम थांबलं नाही. पण सेलू, देवळी, हिंगणीकडून बोलावणी वाढली. बाई एकट्या पुऱ्या पडेनात. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "तू शिक."

"काय?"

"मोटर. मी आजारी पडले तर पेशंटला कोण आणणार?"

मी हसण्यावारी नेलं. त्यांनी नेलं नाही. रोज दुपारच्या वेळी, रस्ता रिकामा असला की, त्या मला स्टिअरिंगमागे बसवायच्या आणि स्वतः शेजारी. क्लच सोडताना गाडी बकरीसारख्या उड्या मारायची. मी रडकुंडीला यायची. बाई म्हणायच्या, "पुन्हा." एवढंच. ओरडल्या नाहीत, सांत्वनही केलं नाही. अवघड बाळंतपणातही त्या बाळंतिणीला असंच "पुन्हा" म्हणायच्या, आणि ती पुन्हा जोर लावायची. मीही लावला. लायसन्सच्या परीक्षेला तेच फौजदार होते. त्यांनी मला वळणं घ्यायला लावली, मागे घ्यायला लावली, आणि उतरताना म्हणाले, "सिस्टर, काट्याकडे कमी पाहजा, रस्त्याकडे जास्त."

त्या उन्हाळ्यात देवळीकडच्या एका बाळंतिणीला तिच्या घरी सोडायचं होतं. बाईंना ऑपरेशन होतं. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, काही न बोलता, जशी कात्री द्यावी तशी. बाळंतिणीला पोचवून येताना बाजारच्या फाट्यावर मला बा दिसला. डोक्यावर पटका, खांद्यावर घोंगडी, गावाकडे पायी निघालेला. मी गाडी थांबवली. तो आधी मागचं दार शोधायला लागला.

"बा, पुढे बस."

तो पुढे बसला. घोंगडी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी घट्ट धरली. समोरच्या काचेतून तो रस्त्याकडे असा पाहत होता जसा हा रस्ता त्यानं कधी पाहिलाच नाही. खरं तर त्या रस्त्यावरचं प्रत्येक झाड त्याच्या ओळखीचं होतं. मग गावाची विहीर दिसायला लागली, पाटलाचा वाडा, पारावर बसलेली माणसं. तेव्हा त्यानं घोंगडीवरचा एक हात काढून माझ्या दंडावर ठेवला.

"हळू घे माय," तो म्हणाला. "अजून हळू. लोकाईले नीट पाहू दे, कोण चालवून राह्यलं ते."